चोथ्याची थोरवी

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आनंदाच्या या प्रसंगीं पोटाचा विषय काढावा, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु आपण सारे आतां पंगतीस बसणार आहों. त्यापूर्वीं पानांतील एका उपेक्षित वस्तूविषयीं दोन शब्द बोलण्याची परवानगी असावी. ती वस्तु म्हणजे चोथा.

माझ्या मातोश्री उतारवयांत रोज रात्रीं रेचकाची पुडी घेत. त्यांच्या पोटास त्रास नको म्हणून आम्ही मुलें त्यांना भाजी व उसळ वर्ज्य करून मऊ भात आणि मैद्याचा पाव देत असूं. प्रेमानें केलेली ती चूक आठवली कीं आजही मन खिन्न होतें.

धान्याचा कोंडा, डाळीचें टरफल, भाजीचे देंठ यांतील जो भाग आपल्या पाचकरसांनीं विरघळत नाहीं, तो चोथा. जें पचत नाहीं तें निरुपयोगी, असें आपण धरून चालतों. येथेंच आपण फसतों. आपल्या मोठ्या आंतड्यांत अब्जावधि सूक्ष्म जंतु बिऱ्हाड करून असतात व त्यांतील पुष्कळसे आपले उपकारकर्ते आहेत. साखर, पिष्ट व तूपतेल बहुतेक वरच्या लहान आंतड्यांतच शोषलें जातें. या बिऱ्हाडकरूंच्या वांट्यास मुख्यत्वें चोथा येतो. तो आंबवून ते कांहीं आम्लें तयार करतात. त्यांपैकीं ब्युटिरिक आम्ल, जें लोण्यांतही असतें, तें मोठ्या आंतड्याच्या अस्तराचें मुख्य अन्न होय. आपण त्यांना जेवूं घालतों, ते आपल्या आंतड्यास जेवूं घालतात.

सर्व चोथा मात्र एकाच कामाचा नसतो. गव्हाचा कोंडा मुख्यतः मळास भर देऊन मलावरोध दूर करतो. कांदा व लसूण यांतील इन्युलिन हें हितकर जंतूंचें विशेष आवडतें खाद्य. अशा खाद्यास गिब्सन व रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं 'प्रीबायोटिक' असें नांव दिलें. कच्च्या केळ्यांतील बरेंचसें पिष्टही न पचतां खालीं पोंचतें. केळें पिकलें कीं त्याची साखर होते.

२०१५ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेंतील पिट्सबर्गचे २० आफ्रिकन वंशाचे रहिवासी व दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील २० लोक यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल करण्यांत आली. अमेरिकनांना रोज सुमारें ५५ ग्रॅम चोथा मिळूं लागला, आफ्रिकनांना केवळ १२ ग्रॅम. पंधरवड्यांतच पहिल्यांचें ब्युटिरेट अडीचपट झालें, दुसऱ्यांचें निम्म्यावर आलें. आंतड्याच्या अस्तरांतील दाहाची खूणही तशीच बदलली. मांस व चरबीचें प्रमाणही बदललें होतें, म्हणून सारें श्रेय एकट्या चोथ्यास देतां येणार नाहीं. तरी त्याचा वांटा नाकारतांही येणार नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रौढांस रोज निदान २५ ग्रॅम चोथ्याची शिफारस केली आहे. त्यासाठीं महाग पुड्या आणावयास नकोत. नाचणीची भाकरी, हातसडीचा तांदूळ, वाल, चवळी, मसूर, पालेभाजी व कच्च्या केळ्यांची भाजी हें सारें आपल्या आजीबाईंच्या चुलीवरचेंच आहे. मात्र एकदम अति करूं नये, पोट फुगतें. थोडें थोडें वाढवावें, पाणी भरपूर प्यावें, आणि आंतड्याचा विकार असेल त्यानें डॉक्टरांस विचारावें.

तेव्हां आजच्या पंगतींत शेजारीं कोणी वृद्ध बसले असतील, तर त्यांच्या पानांत गोडाबरोबर उसळही आग्रहानें वाढा. मला माझ्या मातोश्रींस ती वाढतां आली नाहीं.