किमान शिल्लक आणि गरिबाचा दंड

(धरमपेठ, नागपूर येथील भाषण)



धरमपेठेत बँकांची वाण नाही. मात्र बंगल्याचा मालक आणि त्याच्याकडे धुणीभांडी करणारी बाई, या दोघांपैकी बँकेचा दंड बहुधा बाईलाच भरावा लागतो.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहांचे. बँकेचे दार सामान्य माणसाला उघडावे, हा त्यामागील समाजवाद्यांचा आग्रह होता. दार उघडले, परंतु पुढे उंबरठ्यावर जकात बसली. एकट्या स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत किमान शिल्लक नसल्याबद्दल १,७७२ कोटी रुपये वसूल केले. मार्च २०२० मध्ये तिने हा दंड रद्द केला. तरीही २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सार्वजनिक बँकांनी याच सबबीवर सुमारे ८,५०० कोटी घेतल्याचे सरकारनेच लोकसभेत सांगितले. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्याकडून ते नसल्याबद्दल पैसे घ्यावयाचे, हा न्याय सावकारालाही सुचला नसता! २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा आदी बँकांनी दंड सोडला. त्याच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरी नव्या खात्यांना ५०,००० रुपयांची अट घातली आणि ओरड होताच ती १५,००० वर आणली. ओरड करावी, ती ऐकू जाते.

तोवर घरचा हिशेब तरी नीट मांडावा. रोजच्या व्यवहाराला शून्य शिलकीचे मूलभूत बचत खाते पुरते. ते मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, कार्डही विनाशुल्क मिळते. अट एवढीच, की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. पगार अथवा निवृत्तिवेतन दुसऱ्या बँकेत येत असेल तर हरकत नाही. साध्या बचत खात्याच्या कार्डावर स्वतःच्या बँकेच्या यंत्रातून महिन्यास पाच व्यवहार फुकट असतात. परक्या बँकेच्या यंत्रावर महानगरांत तीन आणि नागपुरात पाच. महानगरांच्या यादीत आपण नाही, याचा हा एक लाभ! मात्र परक्या यंत्रावर नुसती शिल्लक पाहिली तरी तो व्यवहार मोजला जातो. म्हणून दोन बँकांची दोन कार्डे असलेल्याने ज्या बँकेचे यंत्र तिचेच कार्ड वापरावे. याहून अधिक खाती मात्र बंद करावीत. प्रत्येक जादा कार्डाचे वार्षिक शुल्क निमूटपणे कापले जाते. गोकुळपेठच्या बाजारात भाजीचे पैसे मोबाईलवरून दिले तर यंत्राकडे फिरकावेच लागत नाही. क्रेडिट कार्डाने रोकड कधीही काढू नये. त्याच दिवसापासून व्याज चढते.

१ मे २०२५ पासून मर्यादेपुढील प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क घेता येते. अठरा टक्के कर धरून ते २७ रुपये १४ पैसे होते. स्टेट बँक जून २०२५ पासून बचत खात्यावर अडीच टक्के व्याज देऊ लागली. म्हणजे पाचशे रुपयांवर वर्षाला साडेबारा रुपये. पाचशेची एक उचल दोन वर्षांच्या व्याजाहून अधिक खाते.

यंत्राला खर्च येतो, हे बँकांचे म्हणणे खोटे नाही. तथापि मोठी शिल्लक ठेवणाऱ्यास बऱ्याच बँका अमर्याद फुकट व्यवहार देतात. तो खर्च कोण सोसतो? सबब रिझर्व्ह बँकेकडे मागणी अशी असावी, की फुकट व्यवहारांची मर्यादा लहान खात्यांना मोठ्या खात्यांहून कमी असता कामा नये.