गोळीनंतरचा न्याय



महाडनें पंधरा वर्षांच्या अंतरानें दोन दिवस पाहिले. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें आणि त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर गांवांतील कांहींनीं काठ्या चालविल्या. मार खाल्लेले तरुण बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहात होते. तो शब्द त्यांनीं दिला नाहीं. न्यायालयाचा मार्ग धरला, आणि हल्लेखोरांपैकीं कांहींना शिक्षा झाली. १० सप्टेंबर १९४२ रोजीं मात्र नाना पुरोहितांच्या मोर्चावर पोलिसांची गोळी चालली. कमलाकर दांडेकर, वसंत दाते आदि पांच जण हुतात्मे झाले.

त्यांचीं नांवें आपण जपतों, तें योग्यच आहे. आज मी निराळा प्रश्न विचारतों : गोळी झाडणाऱ्याचें पुढें काय होतें? त्याला त्याच बाजारांतून जावें लागतें, त्याच विहिरीवर त्याच्या घरच्यांना पाणी भरावें लागतें. तो दुबळ्या समाजांतला असला तर ओझें दुप्पट. वरिष्ठ त्याची निष्ठा तोलतात, आप्त त्याला फितूर म्हणतात. अमेरिकेंतील लहान गांवचा कृष्णवर्णी पोलीसप्रमुख काय, आपल्याकडील मागास वा अल्पसंख्य समाजांतला फौजदार काय, दोघांची कोंडी सारखीच.

अशा अधिकाऱ्यास जयजयकार करणारा जमाव सावरीत नाहीं, शिव्याशाप देणाराहि नाहीं. सावरते ती निःपक्षपाती चौकशी. २३ सप्टेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पी. यू. सी. एल. विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या खटल्यांत पोलीस-चकमकींतील मृत्यूंविषयीं १६ दंडक घालून दिले. तपास गुन्हे अन्वेषण विभागानें अथवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनीं करावा. दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी. अधिकाऱ्यानें शस्त्र तपासणीसाठीं जमा करावें. घटनेपाठोपाठ बढती वा शौर्यपारितोषिक देऊं नये. मृताच्या आप्तांस लवकरांत लवकर कळवावें, हें त्यांत आहेच. पण अधिकाऱ्याच्या कुटुंबासहि वर्दी द्यावी, आणि जरूर पडल्यास वकील व समुपदेशन उपलब्ध करावें, असेंहि न्यायालय सांगतें.

बंधुभगिनींनो, ह्या एका दंडकांत न्याय आणि दया शेजारीं बसल्या आहेत. दयेच्या नांवाखालीं सत्य दडपूं नये, आणि सत्याच्या नांवाखालीं कोणाचीं मुलेंबाळें वाळींत टाकूं नयेत. महाड-पोलादपुरावर असा प्रसंग पुन्हा न येवो. आलाच, तर आपण प्रथम मृताच्या घरीं जावें. आणि परततांना त्या फौजदाराच्या दारावरूनहि मान फिरवून जाऊं नये.