ध्येय आणि अपयशाची गुणपत्रिका

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीत विद्वान पुष्कळ असताना कार्यकारी मंडळाने माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकास येथे बोलाविले, याबद्दल मी ऋणी आहे. विषय दिला आहे : ‘माणसे ध्येय का गाठतात आणि का गाठू शकत नाहीत?’ गाठणाऱ्यांविषयी अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. न गाठणाऱ्यांविषयी मात्र स्वानुभवाने बोलू शकेन.

‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे वचन मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो. आज त्यात थोडी भर घालावीशी वाटते. जेथे पाणी नाही तेथेच खणत राहणारा मनुष्य आळशी नसतो. तरी तो तहानलेलाच राहतो. प्रयत्न हवाच, पण मागचा प्रयत्न कोठे फसला, हे पाहून केलेला हवा.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथील कै. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळले आणि सहावे आले. आपली कुस्ती मातीतली, तेथील मॅटवरची, नियमही निराळे. एवढ्या दूर जाऊन सहावा आलो, यातच समाधान मानून ते थांबते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु कमी कोठे पडलो, हे त्यांनी ओळखले, त्याप्रमाणे सराव केला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे, वरच्या वजनगटात, कांस्यपदक मिळविले. वैयक्तिक खेळात स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रवासाला पैसा नव्हता. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एकदा हरून आलेल्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी घर गहाण टाकले, हे ध्यानात ठेवावे.

आता माझी हकीकत. मला बाहेरून परीक्षा देऊन बी. ए. व्हावयाचे होते. १९९१ साली पहिल्या वर्षाला बसलो आणि इंग्रजीत नापास झालो. गुणपत्रिकेवरचा तो एक शब्द वाचला, तिची घडी करून पंचांगात ठेवली आणि पुन्हा उघडली नाही. विचारणाऱ्यास सांगत असे की, जनगणनेचे काम आले, धाकट्या बहिणीचे लग्न निघाले, बदली झाली. यांतले एकही खोटे नव्हते. तथापि ती कारणे नव्हती, सबबी होत्या. खरे कारण हे की, रोज रात्री मी माझा आवडता मराठी विषयच वाचीत असे आणि त्यालाच अभ्यास म्हणत असे. इंग्रजीचे व्याकरण मी हाती धरलेच नाही. निवृत्तीनंतर कागदपत्रे आवरताना ती गुणपत्रिका सापडली. उत्तीर्ण होण्यास अवघे नऊ गुण कमी होते. नऊ गुणांपायी मी तीस वर्षे ‘परिस्थिती आड आली’ असे सांगत राहिलो!

परिस्थिती आड येतच नाही, असे मी म्हणणार नाही. गरिबी, आजारपण, घरची जबाबदारी यांनी कितीकांची वाट अडविली आहे. अशा वेळी हात देण्यासाठीच ज्ञातिसंस्था असतात.

आज ज्यांचा सत्कार झाला, त्या सर्वांचे मनापासून अभिनंदन. परंतु आपल्याच घरांतील काही मुले आज येथे आलेली नाहीत, कारण यादीत त्यांचे नाव नाही. कोणी दहावीला गणितात राहिला, कोणी बारावीला इंग्रजीत राहिली. लग्नकार्यात मला पाहून त्यांचे आईवडील बाजूने निघून जातात. मास्तर निकाल विचारतील, ही भीती! पुरवणी परीक्षेची संधी असूनही ही मुले आपली गुणपत्रिका पंचांगात ठेवतील आणि माझ्यासारखी साठीत उघडतील.

म्हणून मंडळास माझी नम्र विनंती आहे की, गुणवंतांच्या बक्षिसांबरोबरच पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांसाठीही एक छोटा निधी असावा. त्यांचे परीक्षा-शुल्क त्यातून भरावे आणि ज्ञातीतील निवृत्त शिक्षकांनी दर रविवारी मंडळाच्या जागेत त्यांना शिकवावे. गणित मी घेईन. इंग्रजीला मात्र दुसरा शिक्षक पाहावा लागेल. निधीचे पहिले १,००१ रुपये मी कोषाध्यक्षांच्या हाती दिले आहेत.

पालकांनाही एक सांगणे आहे. मूल निकाल घेऊन आले म्हणजे ‘किती मिळाले?’ एवढेच विचारून थांबू नका. त्याच्या शेजारी बसा, गुणपत्रिका दोघांच्या मध्ये ठेवा आणि ‘कोठे गेले?’ हे शांतपणे पाहा. पुढच्या प्रयत्नाचा आरंभ तेथूनच होतो.