बाळ घास थुंकतं, म्हणजे ‘नको’ म्हणतं का?

गटाची बैठक आटोपून रेडिओजवळ बसला असाल. कुणाच्या मांडीवर बाळही असेल. आज त्याच्या वाटीतल्या घासाबद्दल बोलू या.

आधी माझीच चूक सांगते. माझा थोरला सहा महिन्यांचा झाला आणि मामाच्या मांडीवर थाटात उष्टावण झालं. दुसऱ्या दिवशी मी मऊ वरणभात भरवायला घेतला, तर त्यानं जिभेनं सगळा बाहेर ढकलला. तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी मी वाटी बाजूला ठेवली. शेजारची मावशी म्हणाली, “अगं, चहात बिस्किट बुडवून दे, ते खाईल.” ते त्यानं चाटूनपुसून खाल्लं. मलाही बरं वाटलं. नवव्या महिन्यात अंगणवाडीत वजन केलं. ताईंनी कार्ड माझ्यासमोर धरलं, तर तीन महिने वाढीची रेघ आडवीच! पोरगं हसत होतं, खेळत होतं, पण वाढत नव्हतं.

बायांनो, पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. पण सहा महिने पूर्ण झाले की नुसत्या दुधावर बाळाचं भागत नाही. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठाही संपत येतो. म्हणून दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि त्यापुढेही, पण जोडीला वरचं अन्न हवंच.

मग बाळ थुंकतं का? जन्मल्यापासून त्याला चोखणं तेवढं ठाऊक असतं. चोखताना जीभ पुढे येते. चमचा लागला तरी तीच सवय, आणि घास बाहेर. घास मागे नेऊन गिळणं त्याला अजून शिकायचं असतं. तोंड वाकडं करतं ते चव नवी म्हणून. तीच चव आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा चाखल्यावर बाळ ती आपली म्हणतं. आपण मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळीच हरतो आणि सांगत सुटतो, “आमचं बाळ खातच नाही.”

तेव्हा असं करा. बाळ ताजंतवानं असेल, थोडी भूक लागली असेल, तेव्हा त्याला टेकून बसवा. हात धुवा, त्याचेही धुवा. एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि तोही चमचा-दोन चमचेच. थुंकला तर रागावू नका, नाक दाबून कोंबू नका. वाटी उचला आणि उद्या पुन्हा तेच द्या. सगळे जेवताना त्यालाही जवळ घ्या. तुमचं तोंड हलताना पाहून तेही शिकतं.

द्यायचं काय? घरात आहे तेच. तांदूळ आणि मूगडाळ भाजून, भरडून केलेलं खिमट, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, उकडलेला भोपळा, वरणात शिजवून घोटलेली पालेभाजी. खात असाल तर नीट उकडलेलं अंडंही. वर थोडं तूप किंवा तेल घाला. पातळ पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये इतकं घट्ट हवं. सुरुवात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमच्यांनी. हळूहळू अर्धी वाटी. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा अर्धी वाटी, थोडं जाडसर. वर्षाचं झालं की घरातलंच जेवण, मऊ आणि कमी तिखटाचं.

चहा बिलकूल नको. त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बिस्किटाच्या गोडीपुढे वरण बेचव वाटतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका, मीठ-साखर घालू नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे तर मुळीच नको, घशात अडकतात.

आणि एक. बाळाचं वजन वाढत नसेल, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, सारखी उलटी होत असेल किंवा ते मलूल पडत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा.

माझ्या थोरल्याचं काय झालं? ताईंच्या सांगण्यावरून मी चहा-बिस्किट बंद केलं. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं त्यानं. सासूबाई म्हणाल्या, “पोराला उपाशी मारतेस का?” पण मी रोज दोन चमचे खिमट पुढे करत राहिले. दहा-बारा दिवसांनी त्यानं आपणहून तोंड उघडलं. त्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, “आण ती वाटी, मी भरवते.” पुढच्या महिन्यात कार्डावरची रेघ वर चढली.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी कार्ड घेऊन या, आणि सासूबाईंनाही आणा. रेघ सगळ्या मिळून पाहू. नमस्कार.