वाढदिवसाला या, येताना वाटीभर शेंगदाणे आणा

स्वयंपाक आटोपला असेल तर निवांत बसा. नसेल तर हात चालू ठेवा आणि कान तेवढे इकडं द्या. आज आम्ही बोलणार आहोत मुलांच्या वाढदिवसाबद्दल आणि त्या दिवशी द्यायच्या-घ्यायच्या भेटवस्तूंबद्दल. विषय लहान वाटेल. आम्हालाही वाटला होता.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईनं ३,००० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं, घरखर्च. गटानं दिलं. आठवड्याभरात तिच्या मुलाचा वाढदिवस झाला. तालुक्याहून केक आला, फुगे लागले, कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. आलेल्या प्रत्येक मुलाला जाताना परतभेट म्हणून कंपासपेटी मिळाली. वर्गातली सगळी मुलं आली, एक मुलगी तेवढी आली नाही. पोट दुखतंय म्हणाली. ती आमच्याच गटातल्या दुसऱ्या ताईची लेक.

पुढच्या बैठकीत कुणीतरी सहज विचारलं, "पोरीचं पोट बरं आहे का?" तिची आई गप्प बसली. मग म्हणाली, "पोट कुठं दुखत होतं? घरात भेटीला ५० रुपये नव्हते. सगळ्यांच्या हातात डबे, मी काय नेऊ, म्हणून उंबऱ्यात बसून राहिली." वाढदिवस करणारी ताई तिच्या शेजारीच सतरंजीवर बसली होती. तिनंही मान खाली घातली आणि सांगितलं, "माझं कर्जही घरखर्चाचं नव्हतं. सगळ्यांनी केला, मीच नाही केला तर लोक काय म्हणतील, म्हणून काढलं."

या दोघींना विचारूनच आम्ही हे सांगतोय. एकीनं कर्ज काढून वाढदिवस केला आणि दुसरीच्या लेकीला लाजेपायी त्याला जाता आलं नाही. दोघींनाही वाटत होतं, ही अडचण आपल्या एकटीचीच आहे.

त्या दिवशी आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ३,००० रुपये कर्ज, महिना शेकडा दोन रुपये व्याज, दहा हप्ते. व्याजच ३३० रुपये झालं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण कर्जाला व्याज असतं! मग भेटींचा हिशेब केला. एका मुलाला वर्षात साधारण बारा वाढदिवसांना बोलावणं येतं. भेट ५० रुपयांची धरली तर ६०० रुपये होतात. घरात दोन मुलं असली की १,२०० रुपये. आपली बचत महिना १०० रुपये, म्हणजे वर्षाची १,२००. वर्षभर पै-पै करून जेवढं गटात टाकलं, तेवढंच रंगीत कागदात गुंडाळून वाटलं. त्यातली निम्मी खेळणी चार दिवसांत मोडली.

मग आम्ही ठरवलं, भेटवस्तू बंद. लग्नपत्रिकेत छापतात ना, 'आहेर आणू नये', तसंच सगळ्यांना सांगितलं. आणि पहिल्याच वाढदिवसाला आमचा नियम मोडला. काहींनी ऐकलं, काहींनी लपवून आणलं. ज्यांनी ऐकलं त्यांचीच मुलं ओशाळी झाली. आम्ही चिडलो. तेव्हा गटातल्या आजी म्हणाल्या, "अगं, कुणाच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं? हात मोकळा नको, पण त्यात काय असावं ते तुम्ही ठरवा. आणि बोरन्हाणाला पोरं काय घेऊन येतात गं?"

आजींचं बोलणं आम्हाला पटलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण लहानग्यांचं बोरन्हाण करतो. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे. शेजारची पोरं येतात, खाली पडलेलं वेचतात, खिसे भरून घरी जातात. कुठलं पोर काय घेऊन आलं हे कुणी विचारत नाही. हळदीकुंकवालाही वाण लुटायचं असतं. मुलाचं कौतुक करायची आपली रीत अशी आहे. तीच आम्ही वाढदिवसाला आणली.

आता आमच्याकडं काय होतं ते ऐका. संध्याकाळी मुलाचं औक्षण होतं. येणारं प्रत्येक मूल घरातून एक वाटी काहीतरी आणतं. कुणी शेंगदाणे, कुणी कांदा, कुणी कोथिंबीर, ज्याच्या रानात जे असेल ते. चुरमुरे आणि गोडाचा शिरा वाढदिवसवाल्या घरचा. आणलेलं सगळं एका परातीत पडतं, मोठी मुलं भेळ कालवतात. कुणाची वाटी कुठली, हे परातीत कळत नाही. हेच आम्हाला हवं होतं.

ज्यांना पैसेच द्यायचे आहेत त्यांच्यासाठी एक पत्र्याचा डबा ठेवतो, झाकणाला फट पाडलेला. त्यात जास्तीत जास्त १० रुपये टाकायचे, पाकीट नाही, नाव नाही. नाहीच टाकले तरी कुणाला कळत नाही. जमलेल्या पैशांतून मुलाला लागणारी एकच वस्तू येते. कुणाला दप्तर, कुणाला रेनकोट. कमी पडले तर आईबाप भर घालतात. परतभेट आम्ही पूर्ण बंद केली.

मामाचा आहेर आणि आजीनं घेतलेले कपडे यांत मात्र आम्ही पडलो नाही. ते घराघरातलं नातं आहे, तिथं गटाचा नियम लावला तर भांडणं होतात.

काही गोष्टी फसल्याही. भेट म्हणून रोप द्यायचं ठरवलं आणि ऐन उन्हाळ्यात सहा रोपं दिली. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं रोपाला कोण घालणार? मोरीच्या पाण्यावरची दोन तेवढी जगली. आता रोप फक्त पावसाळ्यात देतो. एरवी शेवग्याची फांदी द्यायची आणि मोरीच्या कडेला लावायची. एका मुलानं तर 'मला रिमोटची गाडीच पाहिजे' म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. त्याच्या आईनं त्याला डबा दाखवला आणि सांगितलं, "यात जमतील त्यात मी भर घालीन, पण मग दप्तर जुनंच." त्यानं गाडी घेतली. घेऊ दे! हौस त्याची होती, कर्ज कुणाच्या डोक्यावर नव्हतं.

आणखी एक झालं, जे आम्ही ठरवलं नव्हतं. पूर्वी वाढदिवस व्हायचे ते बहुतेक मुलग्यांचे. खर्च एकदाच परवडायचा, आणि तो कुणावर व्हायचा ते तुम्हाला माहीत आहे. आता खर्च उरलाच नाही, तेव्हा लेकींचेही वाढदिवस व्हायला लागले. वाचलेल्या पैशातून दोन ताईंनी पोस्टात मुलीच्या नावानं सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असताना ते उघडता येतं आणि वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. म्हणजे पन्नास रुपयांच्या पाच भेटी.

तुमच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या. आधी आपापला वर्षाचा हिशेब वहीत मांडा, मग बोला. नियम एकटीनं पाळायला जाऊ नका, एकटीला लोक कंजूष म्हणतात. दहा-बारा घरांनी एकदम ठरवलं तर तीच रीत होते. सासूबाईंना आणि घरच्या पुरुषांनाही त्या दिवशी बोलवा. फ्लेक्सचा विषय त्यांच्यासमोरच निघू दे. आणि मुलांना विचारा. वाटी कुठली आणायची हे त्यांनाच ठरवू दे.

गेल्या महिन्यात आमच्याकडं एक वाढदिवस झाला. पोट दुखतंय म्हणालेली ती मुलगी सगळ्यांच्या आधी आली होती. हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी होती. येता येता निम्मे खाल्ले होते तिनं. कुणी काही म्हणालं नाही.