अपमानाच्या वस्तू जपायच्या कशाला?

(वर्धापनदिनी विहारात दिलेले भाषण)



आज आम्ही अमेरिकेतल्या एका संग्रहालयाविषयी बोलणार आहोत. तिथे राजाचा मुकुट नाही, तलवार नाही. मग आहे काय? काळ्या माणसांची टिंगल करणाऱ्या वस्तू!

मिशिगन राज्यातल्या बिग रॅपिड्स गावी, फेरिस स्टेट विद्यापीठात हे 'जिम क्रो म्युझियम' आहे. जिम क्रो हे १८३० च्या सुमारास एका गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून वठवलेले सोंग. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण पुढे दक्षिणेकडच्या राज्यांनी शाळा, बस, पाण्याचे नळ वेगळे ठेवणारे कायदे केले. त्या कायद्यांना हेच नाव पडले. १८९६ साली सुप्रीम कोर्टानेही वेगळे ठेवणे मान्य केले. शाळांतली ती वेगळीक १९५४ साली कोर्टाने बेकायदा ठरवली आणि १९६४ साली नागरी हक्क कायदा आला.

पण बंधूंनो, भेदभाव काय नुसत्या कायद्याने चालतो? तो घराघरांत शिरला मिठाच्या बाटल्यांतून, बिस्किटांच्या डब्यांतून, पोस्टकार्डांतून, पोरांच्या खेळण्यांतून. मालकाकडे राबण्यातच सुख मानणारी लठ्ठ, हसरी काळी स्वयंपाकीण त्यांवर असायची. 'आंट जेमिमा' या नावाने पिठाचा पुडा १८८९ पासून विकला गेला. ते नाव २०२१ साली बदलले. पोरगं खेळता खेळता शिकायचं की हा माणूस आपल्या खालचा!

प्राध्यापक डेव्हिड पिलग्रिम हे स्वतः कृष्णवर्णीय. शाळकरी वयात त्यांनी अशीच एक वस्तू विकत घेतली आणि जमिनीवर आपटून फोडली. पुढे मात्र ते अशा वस्तू जमवू लागले. १९९६ साली दोन हजारांवर वस्तूंचा संग्रह त्यांनी विद्यापीठाला दिला. २०१२ साली त्यासाठी मोठे दालन उघडले. वस्तूशेजारी तिची हकीकत लिहिलेली असते, आणि पाहणाऱ्यांनी त्यावर बोलावे अशी तिथे सोय आहे.

कोणी म्हणेल, ही घाण जाळून टाका ना! तो राग खरा आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. पण त्याच बाबासाहेबांनी तिचा एकेक श्लोक तपासून ग्रंथ लिहिले. निषेध करायचा आणि पुरावाही हातचा सोडायचा नाही, ही त्यांची रीत. पुरावा नाहीसा झाला तर उद्या लोक बेधडक म्हणतील, असं काही घडलंच नव्हतं. मात्र जपणं वेगळं आणि मिरवणं वेगळं. तीच बाहुली दिवाणखान्यात शोभेला ठेवली तर अपमान चालूच राहतो. हकीकतीसह संग्रहालयात ठेवली तर ती साक्ष देते.

१९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने ते सांभाळले, म्हणून आज दोन्ही समाजांचे नाते आपण कागदावर दाखवू शकतो.

तेव्हा माता-भगिनींनो, घरात जुना दाखला, पत्र, फोटो असेल तर रद्दीत घालू नका. कोणाचा, कुठला, कोणत्या सालचा, हे म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा. माणूस गेल्यावर विचारणार कुणाला?

जयभीम! नमो बुद्धाय!