वळण आणि लवचीकपणा : एका फळीच्या शेपटीविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर हैदराबादेत मराठीतून विज्ञान शिकवले. एखाद्या संतकवीवर किंवा कादंबरीवर बोलणे मला सोपे गेले असते. परंतु गुरुजींच्या कामाला शोभेल असा विषय घ्यावा असे मनात आले, म्हणून आज मी एका फळीच्या शेपटीविषयी बोलणार आहे. वेगवान मोटारबोटीमागे दोर धरून, एकाच फळीवर उभा राहून, डावीउजवीकडे वळणे घेत पाण्यावरून घसरत जाण्याचा एक खेळ आहे. त्या फळीला स्की म्हणतात आणि या नागमोडी प्रकाराला स्लालम. त्या फळीचा मागचा भाग थोडा लवचीक केला, तर वळण कसे बदलते, हा आजचा प्रश्न.

मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे आपण विचाराल. कारणे दोन आहेत. हा प्रश्न यंत्रशास्त्राचा असला तरी तो समजून घेण्यास समीकरणे थोडी आणि नेमके शब्द पुष्कळ लागतात, हे पहिले कारण. ते शब्द आपल्या भाषेजवळ आहेत की नाहीत, याची परीक्षा आपणच घ्यावी, हे दुसरे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी १९६७ सालच्या 'अॅन इव्हिनिंग इन पॅरिस' या चित्रपटात शर्मिला टागोरांना पाण्यावर अशा स्कीवर उभे पाहिले असेल. खेळाचा आरंभ मात्र त्याआधीचा. १९२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा तरुण धडपडत होता. त्याने पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या; दोन्ही बुडाल्या. शेवटी त्याने सुमारे आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा लाकडी फळ्या आणल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली, आणि तो पाण्यावर उभा राहिला. लाकडाला योग्य ठिकाणी बाक दिला, तेव्हा कुठे पाण्याने त्याला स्वीकारले. पुढची शंभर वर्षे कारागीर त्या बाकाचाच विचार करीत आले आहेत.

आता स्लालमची आखणी पाहा. बोट मधल्या सरळ रेषेने जाते. प्रवेशद्वारापासून निर्गमद्वारापर्यंतचे अंतर २५९ मीटर. वाटेत आळीपाळीने डावीउजवीकडे सहा तरंगते गोळे असतात आणि प्रत्येक गोळा मध्यरेषेपासून साडेअकरा मीटर दूर असतो. खेळाडूने प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा सर्वाधिक वेग ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे सगळा प्रवास सोळा सेकंदांचा. एका गोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत बोट ४१ मीटर जाते, त्याला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात खेळाडूला २३ मीटर आडवे जाऊन पुन्हा वळायचे असते. एक फेरी निर्दोष झाली की दोर आखूड करतात : सव्वाअठरा मीटर, मग सोळा, मग सव्वाचौदा, असे करीत सव्वाअकरा आणि त्याहूनही कमी. मित्रहो, साडेअकरा मीटरवरच्या गोळ्याला सव्वाअकरा मीटरचा दोर पुरत नाही, हे गणित तिसरीतला मुलगाही सांगेल. उरलेले अंतर खेळाडूला आपले शरीर पाण्याकडे लोटून, हात लांबवून भरून काढावे लागते. अशा प्रसंगी वळण दोन हात मोठे झाले, तर पुढचा गोळा हातचा गेला.

मग ही फळी वळते कशी? तिला होडीसारखे सुकाणू नसते. शेपटीखाली माशाच्या परासारखे एक धातूचे पाते असते, पण ते पक्के बसवलेले असते. ते फळीची मागची बाजू घसरू देत नाही. वळवीत मात्र नाही. वळण जन्मते ते फळीच्या बाकातून. फळी बाजूने पाहिली तर तिचे पोट किंचित नौकेसारखे, दोन्ही टोकांकडे उचललेले दिसते. खेळाडू तिला एका कडेवर कलती करतो, तेव्हा पाण्याला ती वाकलेली कड भेटते आणि फळी त्या कडेच्या रोखाने वर्तुळाचा तुकडा कापू लागते. बाक जितका अधिक, तितके वळण लहान.

कारखान्यात दिलेला बाक हा निम्माच हिशेब झाला. वळणात खेळाडूचा भार फळीच्या मध्यावर येतो आणि पाणी तिची दोन्ही टोके वर रेटते. फळी धनुष्यासारखी वाकते, म्हणजे मुळातल्या बाकात आणखी बाक मिळतो. शेपूट मऊ असेल तर ती अधिक वाकते, फळी चटकन वळते आणि तिचा वेगही थोडा मोडतो. शेपूट ताठ असेल तर फळी वेग राखते, आडवे जाताना स्थिर राहते, पण वळण मोठे घेते. तिला वाकवायला खेळाडूचे बळ अधिक लागते. वळण संपून दोर ताणला गेला, की हवे असते ते नेमके उलटे : फळी पुन्हा सरळ व्हावी आणि झेप घ्यावी. म्हणून चांगली शेपूट वाकते तितक्याच तत्परतेने सरळही होते. फार मऊ शेपटीचा तोटा येथेच दिसतो. वेग नको तितका मोडतो, दोर सैल पडतो आणि पुढच्या क्षणी असा हिसका बसतो की खेळाडू पाण्यात जातो. अर्थात सगळे श्रेय शेपटीचे नव्हे. पात्याची खोली, पायांची जागा, खेळाडूचे वजन, सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

येथे एक शब्दभेद सांगतो, कारण तो या विषयाचे मर्म आहे. 'वाक' निराळा आणि 'पीळ' निराळा. फळी लांबीच्या दिशेने कमानीसारखी होते, तो वाक. ओले कापड पिळताना त्याची दोन टोके उलट्या दिशांनी फिरतात, तो पीळ. शेपटीला वाक हवा, पण पीळ बसता कामा नये. कारण शेपूट पिळली गेली तर तिच्याखालचे पाते तिरके होते आणि पाण्यावरची पकड सुटते. अखंड लाकडात हे साधणे कठीण. जाडी निम्मी केली की ताठपणा एक-अष्टमांश होतो. जाडी केवळ एक-पंचमांशाने कमी केली तरी ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. त्याबरोबर पिळाचा विरोधही घटतो. आजच्या फळ्यांत फेसाळ हलका गाभा आणि त्यावर कार्बनच्या तंतूंचे थर असतात. लांबीच्या दिशेने घातलेले तंतू वाकाला अडवतात, तिरपे घातलेले पिळाला. पहिले थोडे कमी करून दुसरे राखले, की शेपूट लवते पण पिळत नाही.

आपल्या हैदराबादेत याचे दाखले शोधायला लांब जावे लागत नाही. इब्राहीम कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास बांधलेल्या हुसेनसागरावर दर पावसाळ्यात शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. त्यांतील लेझर जातीच्या होडीची डोलकाठी मुद्दाम लवचीक केलेली असते. वाऱ्याचा झोत आला की शेंडा वाकतो, शिडाचा फुगवटा कमी होतो आणि होडी उलथण्यापासून वाचते. त्याहून सुंदर दाखला संक्रांतीच्या पतंगाचा. दोरी खेचली की वाऱ्याच्या दाबाने आडवी कामटी मागे वाकते आणि पतंग सरळ झेपावतो. ढील दिली की कामटी सपाट होते आणि पतंग गरगर वळू लागतो. मुले यांत्रिकी न शिकता हे जाणतात. पाहा, फळी वाकली की वळते. पतंग वाकला की सरळ जातो! म्हणजे वाकणे आणि वळणे यांचे नाते ठरावीक नाही. दोहोंत समान आहे ते एवढेच, की एकाच वस्तूला भाराप्रमाणे दोन रूपे धारण करता येतात, आणि कोणते रूप केव्हा हवे हे चालवणाऱ्याचा हात ठरवतो.

लवचीकपणाची थोरवी सांगताना आपण तुकोबांच्या लव्हाळ्याची आठवण काढतो. ती योग्यच आहे. पण या नगरीने दुसरी बाजूही पाहिली आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसे गेली. तेव्हा अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडाने सुमारे दीडशे जणांना आपल्या फांद्यांवर तारले. ते झाड लवले असते तर ती माणसे वाचली नसती. कोठे लवावे आणि कोठे पाय रोवावे, हा विवेक पुरालाही लागतो आणि फळीच्या शेपटीलाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एवढा वेळ मी बोललो ते कोणत्या शब्दांत? बाक, वाक, पीळ, कड, पर, कामटी, ढील. हे सगळे शब्द सुताराचे, कोळ्याचे, धोब्याचे, मुलांचे आहेत. 'कमान' फारसीतून आली, 'सुकाणू' अरबीतून. आज ते आपल्याला परके वाटत नाहीत. आणि स्की, स्लालम, कार्बन हे शब्द मी जसेच्या तसे घेतले. त्यांना संस्कृताचा अंगरखा चढवण्याची गरज मला वाटली नाही.

याच शहरात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. पदार्थविज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी असे विषय तेथे उर्दूतून शिकवले गेले आणि त्यासाठी आधीच, १९१७ साली, भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले. ज्यांची मातृभाषा उर्दू नव्हती, त्यांच्यावर त्या माध्यमाचा भार पडला, हे खरेच; आपल्या मराठवाड्याच्या मुलांवरही पडला. तरीही भारतीय भाषेत उच्च विज्ञान शिकवता येते, एवढे त्या प्रयोगाने सिद्ध केले. १९४८ नंतर ते माध्यम गेले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथील मराठी अल्पसंख्याकांची भाषा झाली. तिकडे महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय आणि १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, शासनाचे आणि संस्थांचे बळ मिळाले. इकडे अशा शाळांतील शिक्षकांनी जे केले ते खडू-फळ्याच्या बळावर.

आज पालक विचारतात, मराठी शिकून मुलाला काय मिळणार? या प्रश्नाला मी रागाने उत्तर देत नाही, कारण त्यामागे मुलाच्या पोटाची काळजी असते. इंग्रजी शिकलेच पाहिजे, तेलुगूही आली पाहिजे. हा वाक आपण घेतलाच पाहिजे. जी शाळा तो घेणार नाही ती पुढचे वळण चुकेल. पण जी भाषा फक्त गणेशोत्सवात आणि लग्नपत्रिकेत उरते, जिच्यात मुलगा आपल्या पतंगाची कामटी का वाकते हे सांगू शकत नाही, ती भाषा नुसती मऊ झालेली असते. तिला सरळ होण्याचे बळ नसते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण हेकटपणाविषयी म्हणतो. पिळाला न जुमानणारा ताठपणा मात्र आपल्याला राखावा लागेल, आणि त्यासाठी एकच उपाय मला ठाऊक आहे : रोजच्या व्यवहारातले, यंत्रातले, खेळातले ज्ञान मराठीत बोलत राहणे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की आठवड्यातून एक तास तरी मुलांना हातात वस्तू देऊन ती मराठीत समजावून सांगायला लावा. बांबूची कामटी, सायकलची साखळी, काहीही चालेल. शब्द अडला तर कारागिराला विचारा, तोही नसेल तर परका शब्द निःशंक घ्या. वाक्य मात्र आपले असू द्या. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, वैद्य, तंत्रज्ञ झाले आहेत, त्यांनी वर्षातून एकदा येथे येऊन आपले काम मराठीत सांगावे. गुरुजींच्या स्मारकाला याहून अधिक खर्चाची गरज नाही.

 गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करून माझे भाषण संपवतो.